फुकट राबण्याचा परवाना

समाजसेवा जितक्या लांब जाऊन करावी तितकी ती मोठी दिसते. गल्लीतलं तुंबलेलं गटार मोकळं करून घेणाऱ्याला लोक रिकामटेकडा म्हणतात. तालुक्याच्या गावी रक्तदान शिबिर भरवणारा कार्यकर्ता होतो. आणि विमानात बसून आफ्रिकेत सेवा करायला निघालेल्या माणसाचा सोसायटीच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. सेवा अजून व्हायची असते, पण सत्कार आधी उरकलेला बरा. परत आल्यावर ‘तिथे नेमकं केलंत काय?’ असं कुणी विचारलं तर दोन्ही बाजूंची पंचाईत.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेतून कर्ज विभागाचा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. टांझानियात मोशी नावाच्या गावी महिलांच्या बचत गटांना हिशेब शिकवायला माणूस हवा आहे, असं एका संस्थेकडून कळलं. म्हटलं, हे आपलंच काम. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला सहकार शिकावा लागत नाही, तो रक्तातच असतो. सोबत थकबाकीही असते, पण ती अर्जात लिहायची नसते.

चिंचवडच्या मेहुणीला फोन करून सांगितलं, मोशीला चाललोय. “मग दाजी, जेवायलाच या की इकडे,” ती म्हणाली, “नाशिक रस्त्याला लागलं की आलीच मोशी.” ही मोशी वेगळी, किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याशी आहे, हे पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर तिने विचारलं, “तिकडे प्लॉटचा काय भाव चाललाय?”

आपल्या लोकांच्या डोक्यात आफ्रिका हा एकच तालुका आहे. व्याह्यांचा भाचा नायजेरियात लागोसला असतो, त्याला म्हणे जाता जाता लसणीची चटणी द्यायची. आफ्रिकेत ५४ देश आहेत. मोशीपासून लागोस साधारण मुंबईहून व्हिएतनामचं हो ची मिन्ह शहर जितकं लांब, तितकं लांब. व्याह्यांना नकाशा दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, “बरं, मग रविवारी द्या. सुट्टी असेल तेव्हा.”

तयारीचं म्हणाल तर घरातल्यांनी मला औषधं आणि मच्छरदाणी यांच्याखाली पुरून पाठवलं. औषधाची अर्धी बॅग होती. मोशीच्या बाजारातल्या पहिल्याच औषधाच्या दुकानात शिरलो तर फळीवर तीच औषधं, बहुतेक भारतातलीच, काही तर मुंबईच्या कंपन्यांची. मच्छरदाणीची तऱ्हा याहून पुढची. मोशीपासून सुमारे ८० किलोमीटरवर अरुशा आहे. तिथल्या एका कारखान्यात २००३ पासून औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या तयार होतात आणि तिथून त्या इतर देशांत जातात. मी सांगलीहून अरुशाच्या शेजारी मच्छरदाणी घेऊन चाललो होतो. उलट्या दिशेने कुणी आमच्याकडे हळद घेऊन आला असता तर आम्ही त्याची मिरवणूक काढली असती.

पीतज्वराची लस मात्र खरोखरच घ्यावी लागते. पीतज्वराच्या देशांतून आलेल्या माणसाकडे पिवळं कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि आमचं विमान अदिस अबाबावरून जाणार होतं. २०१६ पासून ही लस जन्मभर पुरते असं जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलंय. निवृत्तीनंतर जन्मभराची हमी देणारं दुसरं काही मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि परवाना. याच्याबद्दल बायकोलाही अजून नीट समजावता आलेलं नाही. टांझानियात पर्यटक म्हणून सिंह बघायला जायचं तर साधा व्हिसा ५० डॉलरला मिळतो. सिंह न बघता पगाराशिवाय काम करायचं असेल तर मात्र निराळे कागद लागतात. विद्यार्थी, संशोधक, धर्मप्रसारक आणि स्वयंसेवक यांच्यासाठी तिथे ‘क्लास सी’ नावाचा निवासी परवाना आहे, आणि तो पर्यटकाच्या व्हिसापेक्षा कितीतरी महाग पडतो. फुकट राबायचे पैसे भरावे लागतात, हे ऐकून आमचे जुने ब्रँच मॅनेजर हळहळले. “आपण तर पोरांना ट्रेनी म्हणून ठेवायचो, तेव्हा हे सुचलंच नाही,” म्हणाले. मला विचाराल तर टांझानिया सरकारचं बरोबर आहे. १९६१ साली अमेरिकेचे पीस कोअरवाले स्वयंसेवक उतरले, तेव्हापासून हा देश सेवा करून घेतोय. इतकी वर्षं सेवा सोसल्यावर कुणीही दारात काउंटर टाकेल.

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आणलेल्या पिशव्या विमानतळावरच काढून घेतात. महाराष्ट्रातही २०१८ पासून बंदी आहे, म्हणूनच आमच्या घरी आता फक्त दीडशे-दोनशे पिशव्या आहेत, घडी करून गादीखाली. बायकोने भडंग नेहमीप्रमाणे पिशवीत भरलं होतं. आयत्या वेळी ते उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात ओतलं आणि तोंड शिवून टाकलं. किलिमांजारो विमानतळावरच्या अधिकाऱ्याने उशी दाबून पाहिली, ती कुरकुरली. त्याने शिवण उसवायला लावली, एक मूठ तोंडात टाकली, दुसरीही टाकली, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “दुकान कुठे टाकणार?”

या प्रश्नाने पुढे सगळीकडे माझी पाठ धरली. गोऱ्या स्वयंसेवकाकडे पाहून लोकांना देणगी आठवते. भारतीय माणसाकडे पाहून त्यांना पंखे, पत्रे आणि खिळे आठवतात. पूर्व आफ्रिकेत शंभराहून अधिक वर्षं भारतीय, विशेषतः गुजराती आणि कच्छी मंडळी, काउंटरच्या आत बसलेली आहेत. काउंटरच्या बाहेर उभा असलेला भारतीय लोकांना अस्वस्थ करतो. मी सेवेसाठी आलोय म्हटलं की समोरचा समजूतदारपणे हसायचा आणि पुन्हा विचारायचा, “बरं, पण माल कसला?” मी उतरलो होतो त्या वसतिगृहाची मालकीण तर मला रोज सकाळी पाण्याच्या टाकीचा भाव विचारायची. शेवटी मी बाजारात जाऊन चौकशी करून तिला खरा भाव सांगितला. त्या दिवसापासून तिचा माझ्यावर विश्वास बसला, पण तो दुकानदार म्हणून.

विमानतळावरून गावात आलो. तिथे तीन चाकांची रिक्षा उभी होती, तिला सगळा देश ‘बजाजी’च म्हणतो. चालकाने मी भारतातला, त्यातून पुण्याकडचा, असं ऐकलं, तशी रिक्षा बाजूला घेतली, मागचं झाकण उघडलं आणि मला इंजिन दाखवलं. चढावर दम लागतो म्हणाला. मी कर्ज विभागातला. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि ‘सर्व्हिसिंग कधी केलं होतं?’ असं विचारलं. कर्ज मंजूर करतानाही आम्ही एवढंच करायचो.

किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. विमानात सगळे एका बाजूला झुकून त्याला शोधत होते आणि ढगांचे फोटो काढत होते. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी तो थोडा वेळ डोकं बाहेर काढतो, एरवी ढगात असतो. मोशीत येणाऱ्या स्वयंसेवकांचं मात्र त्याच्यावाचून अडतं. सेवेची हाक जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून येत असेल, पण ती आफ्रिकेतल्या सर्वांत उंच डोंगराच्या पायथ्याशी, दोन-चार तासांत अभयारण्यात पोचता येईल अशा ठिकाणी जरा जास्त मोठ्याने ऐकू येते, असं माझं निरीक्षण आहे. ज्या सपाट, धुळीच्या, रटाळ जिल्ह्यांत डोंगरही नाही आणि हत्तीही नाहीत, तिथल्या लोकांना बहुधा आपापलंच भागवावं लागतं.

आमच्या वसतिगृहात युरोप-अमेरिकेतली विशीतली पोरं भरलेली. मनाने लोण्याची. पण स्वयंसेवक हा गावाचा जावई असतो, हे मला तिथे कळलं. त्याला उकळलेलं पाणी लागतं, गोड बोलून कामाला लावावं लागतं, त्याने केलेलं काम वाईट म्हणता येत नाही, आणि तो कधी जाणार हे विचारता येत नाही. त्याच्या पोटाला काही झालं की ज्या नर्सबाईंना मदत करायला तो आलेला असतो, त्या चार पेशंट सोडून त्याच्या उशाशी बसतात. जवळच्या एका शाळेची भिंत दर तुकडीला रंगवायला मिळायची. मी पोचलो तेव्हा ती निळी होती, जर्मन मुलांनी पिवळी केली, पुढच्यांनी तिच्यावर जिराफ काढला. मुख्याध्यापक कधी तक्रार करत नसत. फक्त एकदा मला हळूच म्हणाले, “रंगाचे थर इतके झालेत की वर्ग आतून लहान वाटतो.”

हे माझं कुजकं निरीक्षण म्हणून सोडून देऊ नका. पिपा बिडल या अमेरिकन तरुणीने २०१४ साली हेच जाहीरपणे लिहिलं होतं. शाळेच्या सहलीबरोबर ती टांझानियातल्या एका अनाथालयात वाचनालय बांधायला गेली होती. मुलींनी दिवसभर विटा रचायच्या, आणि त्या इतक्या वाकड्या, की रात्री गावातली माणसं येऊन भिंत उतरवायची आणि सकाळी मुली उठायच्या आत पुन्हा सरळ बांधून ठेवायची. त्या बिचाऱ्यांना कळू नये म्हणून! मला या हकिगतीत मुलींची दया येत नाही. त्या गवंड्यांची येते. दिवसा पाहुणचार, रात्री दुरुस्ती, आणि जगभर फोटो मात्र मुलींचा.

मोठ्या माणसांनी मोठ्या पैशात केलेली सेवा याहून सरस असेल असं वाटत असेल, तर ‘प्लेपंप’ची गोष्ट ऐका. मुलं गोल फिरत्या पाळण्यावर खेळतील, त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढेल, खेळही होईल आणि गावाला पाणीही मिळेल. कल्पना ऐकून कुणाचेही डोळे पाणावतील. २००६ साली अमेरिकेत यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवायचे ठरले. पुढे २००९ साली ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रात कुणीतरी बसून साधा त्रैराशिकाचा हिशेब केला. ठरलेल्या माणसांना ठरलेलं पाणी पुरवायचं तर मुलांनी दिवसाला २७ तास खेळायला हवं होतं. मुलं अर्थातच कंटाळून पळाली आणि गावोगावच्या बायका तो पाळणा हाताने ढकलत बसल्या. त्यापेक्षा त्यांचा जुना हापसा सोपा होता. हा हिशेब पैसे देण्याआधी कुणी का केला नाही, याचं उत्तर मी देऊ शकतो. मी कर्ज विभागात होतो. प्रकल्प अहवालात हसणाऱ्या मुलांचा फोटो असला की मागची पानं कुणी उलटत नाही.

नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने २०१२ साली यावर छान उतारा काढला होता. त्यांच्या चित्रफितीत आफ्रिकेतली कनवाळू माणसं थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेकरांसाठी घरातले हीटर गोळा करतात आणि गाणं म्हणतात. ती पाहून आमच्या वसतिगृहातला नॉर्वेचा मुलगा पोट धरून हसला आणि मग जिराफाला शेपूट काढायला गेला.

घड्याळाचंही सांगितलं पाहिजे. तिथे दिवसाचे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, दहा म्हणजे चार वाजले. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हिशेब चोख बसतो. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना तिथे एका दिवसात नोकरी मिळेल. युरोपातून आलेल्यांची मात्र दैना होते. डेन्मार्कच्या एका मुलीला दार-एस-सलामच्या बसवाल्याने तोंडी वेळ साडेबाराची सांगितली. ती दुपारी बाराला, अर्धा तास आधी, शिस्तीत सामान घेऊन उभी राहिली. बस सकाळी साडेसहालाच सुटून तेव्हा कोरोग्वेच्या आसपास गेली होती. आसपासची सगळी माणसं तिला ‘पोले, पोले’ म्हणून हळहळली. तिथे कुणाला ठेच लागो, बस चुको, नाहीतर नुसतं फार काम पडलेलं असो, अनोळखी माणूसही थांबून हळहळ व्यक्त करतो. आपल्याकडे ठेच लागलेल्याला आधी ‘डोळे कुठे होते?’ असं विचारतात.

जेवणाचे हाल झाले असं मी म्हणणार नाही. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, माहारागे म्हणजे राजम्याचं कालवण, आणि म्चिचा म्हणजे आपल्या माठाचीच भाजी. शिवाय चपाती आणि कचुंबर हे तर नावासकट आपल्याकडून तिकडे गेलेले. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर मात्र लोकांना माझ्या तब्येतीची काळजी वाटायची.

तर असा पाहुणचार घेत मी एकदाचा कामावर रुजू झालो. केळीच्या बागेला लागून एका चर्चची ओसरी, तिथे पंचवीसेक बायका रंगीत कितेंगे नेसून गोल बसलेल्या. माझ्याकडे कीर्द-खतावणीचे तक्ते, रंगीत खडू, आणि ‘बचतीचं महत्त्व’ या विषयावर सांगलीत अनेकदा गाजलेलं भाषण. माझी दुभाषी पंचविशीतली मुलगी, मोशीच्याच सहकार विद्यापीठात शिकलेली. सहकार विद्यापीठ! १९६३ साली त्याचं कॉलेज निघालं, २०१४ साली विद्यापीठ झालं. हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मध्ये एक लोखंडी पेटी आली. तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांच्या कमरेला, आणि अध्यक्षबाईंकडे एकही नाही. बचत गटाची ही पद्धत १९९१ साली नायजर देशात ‘केअर’ या संस्थेच्या कामातून निघाली आणि मग आफ्रिकाभर पसरली. पेटी उघडण्याआधी अध्यक्षबाईंनी विचारलं, मागच्या बैठकीला किती शिल्लक होती? सगळ्या बायकांनी एका सुरात आकडा सांगितला. लिहिता न येणाऱ्या आजीबाईंनीही. पेटीतले पैसे मोजले, शिलिंगाचाही फरक नाही. आमच्या बँकेत संचालक मंडळाला शिल्लक विचारली असती तर आधी चहा मागवावा लागला असता.

मग प्रत्येकीच्या पुस्तकात शेअरचे शिक्के पडले. आजारपण आणि मयत यांसाठीचा निधी वेगळा जमा झाला. उशिरा आलेल्यांचा दंड वसूल झाला. मला घेऊन आलेल्या संस्थेचे साहेबही उशिरा आले होते. त्यांनाही दंड झाला, तो त्यांनी भरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना रोख द्यायची नव्हती त्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले. मी मोठ्या अभिमानाने आमच्या यूपीआयचं कौतुक सांगायला तोंड उघडलं. दुभाषी म्हणाली, इथे मोबाइलचे पैसे २००८ पासून चालतात. आमचं यूपीआय २०१६ चं. मी तोंड मिटलं.

अध्यक्षबाई मनाने मोठ्या. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तुमची बँक कर्ज द्यायचा निर्णय कसा घेते? माझं तेज परत आलं. मी उभा राहून सांगितलं: अर्ज, सातबारा, दोन जामीनदार, मालमत्तेचं मूल्यांकन, बोजा नोंदणी, शाखेची शिफारस, समितीची मंजुरी. दुभाषीने सगळं भाषांतर केलं. बायका बराच वेळ आपापसात बोलल्या. मग कोपऱ्यातल्या आजीबाईंनी विचारलं, “एवढं केल्यावर लोक पैसे परत करतात?”

मी खोकलो. सगळ्याजणी ‘पोले’ म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर दुभाषीने मला मोशीच्या एका कॅफेत नेलं. तो किलिमांजारोच्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संघाचा होता. संघ स्थापन झाला १९३३ साली. १९७६ साली सरकारने देशातले असे सगळे संघ बरखास्त केले, १९८०च्या दशकात पुन्हा उभे राहू दिले, आणि डोंगरावरचे चग्गा शेतकरी केळीच्या सावलीत कॉफी लावतच राहिले. आमच्या प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला १९५० साली. यांना सहकार शिकवायला मी समुद्र ओलांडून आलो होतो. पुढचे काही महिने मी त्या गटाच्या बैठकांना वेळेवर हजर राहिलो, दर वेळी शिल्लक पाठ म्हटली, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांचं एक जुनं रजिस्टर संगणकावर चढवून दिलं. त्यांना माझा झालेला उपयोग एवढाच, आणि तो दुभाषीने एका दुपारीत केला असता.

तुमच्यापैकी कुणाला मोतीबिंदू काढता येत असेल, बंद पडलेला हापसा चालू करता येत असेल, क्ष-किरण यंत्र दुरुस्त करून तिथल्या मुलाला ते शिकवता येत असेल, तर जरूर जा. आधी त्यांना विचारा, परवान्याचे पैसे भरा, आणि काम झालं की निघा. ज्यांच्याकडे नुसताच कळवळा आहे, त्यांनी ५० डॉलरचा व्हिसा काढून पर्यटक म्हणून जावं. तिथल्या खानावळीत जेवावं, संघाच्या कॅफेत कॉफी प्यावी, डोंगर चढायचाच असेल तर आपलं ओझं वाहणाऱ्या हमालांना भरघोस बक्षिसी द्यावी. त्यांच्या पाठीवर नियमाने २० किलोपर्यंत ओझं असतं. गावात त्याने पैसा येतो, आणि शाळेच्या भिंतीला काही होत नाही.